चालवत कोण होतं

बाबा, मी मोटरसायकल घेतली. जुनीच, इथल्या आइंडहोवनच्याच एका माणसाकडून. तिच्या विम्याचा फॉर्म तीन दिवस टेबलावर पडून आहे. एका प्रश्नापाशी अडलोय: तुम्ही चालवत असताना यापूर्वी अपघात झाला आहे का? बसतो, उठतो, चहा करतो, प्यायचा विसरतो. ऑफिसातला पुण्याचा मित्र म्हणाला, "अरे, सरळ 'नो' टाक. तिकडचं इकडे कोण चेक करतंय?"

विम्याच्या ऑफिसातल्या डच बाईंनी शाळेत शिकवावं तसं समजावलं. पहिला प्रकार सक्तीचा: आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई त्याला, आपल्या गाडीला काही नाही. दुसऱ्यात चोरी, आग, वादळही येतं. तिसऱ्यात आपल्याच चुकीने गाडी आपटली तरी तिची दुरुस्ती. मागे बसलेला माणूस पहिल्यातच येतो, पण चालवणाऱ्याला स्वतःला लागलं तर त्याचा विमा वेगळा. मला एकदम तुमचा गुडघा आठवला, आणि पुढचं काही नीट ऐकूच आलं नाही.

आपल्या गाडीचाही फक्त सक्तीचाच विमा होता. मी अकरावीत, लायसन्स नाही, तरी हट्टाने चालवतोय आणि तुम्ही मागे. वळणावर दूधवाल्याच्या सायकलला धडकतो. त्याचा हात मोडतो, तुमचा गुडघा फुटतो, मला साधं खरचटतही नाही. रस्त्यावर बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, "गप्प राहायचं. गाडी मी चालवत होतो." हवालदारालाही तेच सांगितलंत. घरी मी रडायला लागलो तेव्हा डाफरलात, "रडतोस कसला? तुझ्यासाठी नाही केलं. लायसन्स नाही म्हटल्यावर कंपनी हात वर करते. त्या माणसाकडे मग कोण बघणार?" 'तुझ्यासाठी नाही' हे तेव्हा फार लागलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे मला ठरवता येत नाही.

आत्ता फॉर्मवर 'हो' लिहिलं. तो उद्या पोस्टात टाकीन. हे पत्र कुठे टाकणार? आई अजूनही म्हणते, "यांना कधी धड गाडी चालवता आली नाही, जन्मभर लंगडले." गेल्या रविवारी फोनवरही म्हणाली. आणि बाबा, मी हसून "खरंय" म्हणालो.