आम्ही सगळ्या शरीफा होडेकर

१२ जानेवारी २०००, बुधवार

आज पुन्हा! चहा गाळत होते, तर फोन. "डॉक्टरीणबाई, म्हाताऱ्याच्या डोळ्याचं पाणी थांबत नाय. काय टाकू?" म्हटलं, मी डॉक्टर नाही. तर तो, "शरीफा होडेकर ना?" हो. "मग?"

आता या 'मग'ला काय उत्तर द्यायचं!

कालपासून हा तिसरा पेशंट. अम्मी म्हणते, "सांग गो कायतरी, बिचारे लांबून फोन करतायत." काय सांगू? गुलाबपाणी?

टायपिंग क्लासमध्ये दर्शनाला सांगितलं, तर ती हसता हसता मशीनवरच कोसळली. सरांनी दोघींना बाहेर काढलं. बरंच झालं, कारण बाहेर काढलं म्हणून मारुती मंदिरापर्यंत भटकलो आणि तिथे पाटी दिसली – डॉ. शरीफा होडेकर, नेत्रतज्ज्ञ. ताज्या रंगाची. दवाखान्याचा फोन नवा, डिरेक्टरीत नाही. लोक टेलिफोनच्या चौकशीला विचारतात आणि तिथून आमचा नंबर मिळतो. भाई मस्कतला जाताना फोन माझ्या नावावर करून गेला, त्याचा हा प्रताप.

गावात आणखी एक मी आहे! आणि ती लोकांना दृष्टी देते! मी साधी सुईत दोरा ओवायला अम्मीचा चष्मा लावते.

१३ जानेवारी

गेले. सगळे निरोप सांगायला म्हणून गेले, पण खरं म्हणजे बघायला.

बाई पंचेचाळिशीच्या असतील. ठेंगण्या, गोल, केसांत पांढरी बट, आवाज असा की पेशंटचा डोळा आपोआप उघडावा. नाव सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोण?" पुन्हा सांगितलं. मग अशा हसल्या! बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. "म्हणजे माझ्या पेशंटांना गुलाबपाणी सांगणारी ती तू!"

(अम्मीने सांगितलंच होतं एकाला. मी क्लासला गेल्यावर.)

संगमेश्वरला वीस वर्षं दवाखाना चालवला, मुलं शिकायला बाहेर पडली, तीन महिन्यांपूर्वी इथे आल्या. म्हणाल्या, मला आपा म्हण, आपण दोघी एकमेकींना शरीफा म्हणायला लागलो तर वेड लागेल.

१६ जानेवारी, रविवार

दर्शना सकाळीच पेपर घेऊन धावत. खेळाच्या पानावर, कोपऱ्यात – राज्याच्या कुमारी कबड्डी संघात बुरोंडीची शरीफा होडेकर!! फोटोपण आहे. मांड्या थोपटत उभी, डोळ्यात नुसती आग.

तीन झाल्या! दर्शनाने अंगणातच 'कबड्डी कबड्डी' करत मला शिवलं. अब्बा म्हणाले, पोरींनो, आधी माझा चहा वाचवा.

२० जानेवारी

चौथी!!!

अब्बांना मी रोज डॉक्टर आणि कबड्डीच्या गोष्टी सांगून पिळतेय. आज ते उठले, जहाजावरची पत्र्याची ट्रंक उघडली. अब्बा जन्मभर जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा आचारी. ट्रंकेत अजून मसाल्याचा वास. तळातून एक कॅसेट काढली. वरती बाईचा फोटो नाही, नुसता ढोलक आणि नाव. शरीफा होडेकर, तालुका गुहागर. लग्नाची गाणी.

"दुबईच्या बंदरात उतरलो की आमच्या पोरांना हीच पाहिजे असायची," म्हणाले. "घरी लग्न असायचं आणि आम्ही तिकडे. मग हिला लावायचं आणि तिकडेच भात टाकायचा."

लावली. आवाज म्हणजे – कसा लिहू? ताशीव. जरा खरखरीत. अम्मी भांडी घासता घासता सोबत म्हणायला लागली. अम्मीला गाणी येतात हे मला एकवीस वर्षांत माहीत नव्हतं!

म्हणजे हिशेब असा – एक डोळे बरे करते, एक महाराष्ट्रासाठी खेळते, एकीच्या आवाजावर दुबईत भात शिजतो. आणि मी? बी.ए., टायपिंग चालू.

२४ जानेवारी

'महाराष्ट्र' लिहिताना सलग तीनदा 'महारष्ट्र' टाइप झालं. सर म्हणाले, नाव मोठं आणि लक्ष कुठे?

२७ जानेवारी

आमच्या वॉर्डात पोटनिवडणूक लागली. आधीच्या नगरसेविका मुलाकडे पुण्याला कायमच्या गेल्या. जागा बायकांचीच. आणि आपा उभ्या राहणार!! कुठल्याही पक्षाच्या नाहीत, स्वतःच्या जिवावर. मोहल्ल्यात मोतीबिंदूचं शिबिर घेतलं तेव्हा खालच्या आळीतल्या बायकांनीच गळ घातली.

मी उडीच मारली. मतपत्रिकेवर माझं नाव येणार! म्हणजे त्यांचं. पण माझंच की!

२९ जानेवारी, शनिवार

काय दिवस गेला. नीट लिहिते.

चारच्या सुमाराला विनोद आला. आपांच्या विरोधातल्या उमेदवारीणबाईंचं सगळं बघतो तो. बरोबर दोघं, हातात पेढ्यांचा पुडा. अम्मीने लगबगीने चादर बदलली. विनोद म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्या शिकलेल्या मुली पुढे आल्या पाहिजेत. तुम्ही उभ्या राहा." मी? "हो, तुम्हीच. फिरायचं नाही, बोलायचं नाही. फक्त अर्जावर सही. बाकी आमच्यावर सोडा. भाऊ मस्कतला किती दिवस राबणार? इथेच चिकटवू कुठेतरी."

अम्मीचा चेहरा! माझी पोर, असा. मला तर हवेत तरंगल्यासारखं झालं. मनातल्या मनात हार घातला, फोटो काढला, पेपरात छापला. तिघींच्या शेजारी चौथी मी!

अब्बांनी विचार करून सांगतो म्हणून त्यांना वाटेला लावलं. मग पेढ्याचा पुडा बंदच ठेवून म्हणाले, "अगो, मतपत्रिकेवर दोन शरीफा होडेकर. म्हातारी माणसं कुठे शिक्का मारतील? अर्धी तुझ्यावर, अर्धी डॉक्टरणीवर. त्यांना तुझं नाव हवंय. तू नकोयस."

बरोबरच होतं. म्हणून जास्त लागलं.

अम्मी पुडा घेऊन गेली आणि विनोदच्या घरी परत देऊन आली.

३० जानेवारी

आपांना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "तू नाही म्हटलंस, पण ते दुसरी कोणीतरी शरीफा शोधतील."

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं – "मग आपणच सगळ्या शोधून आणू या ना!"

बोलले आणि माझं मलाच हसू फुटलं. आपा बघतच राहिल्या. सगळ्या शरीफा होडेकर एका स्टेजवर, आपांच्या बाजूने! म्हणजे डॉक्टर कोण हे पोरासोरांना कळेल. पुढे कोणी दुसरी शरीफा उभी केली तरी कोणी फसणार नाही.

दर्शना म्हणते, तू वेडी आहेस. मग म्हणते, माइक मी धरणार.

५ फेब्रुवारी, शनिवार

गुहागरला जाऊन आलो, मी आणि अब्बा. जयगडला होडीत बसून पलीकडे तवसाळ, तिथून एस.टी., मग पोफळीच्या वाड्यांतून चालत. अब्बा नवरदेवासारखे इस्त्रीचे कपडे घालून! सारखं विचारत होते, "ती माझ्याशी बोलेल काय?"

शरीफादादी सत्तरीच्या. ओटीवर सुपारी सोलत बसलेल्या. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझं नाव घेऊन तू काय केलंस?"

मी खरं सांगितलं. "अजून काय नाय."

"बरं झालं. नायतर मला तुझ्यावरून ओळखायला लागले असते." आणि खो खो हसल्या. पुढचे दात नाहीत, तरी काय हसू!

अब्बांनी कॅसेट पुढे केली. दादींनी हातात घेतली, उलटीसुलटी केली. "ही मी पाहिलीच नव्हती. गायले तेवढं आठवतंय. पुढे कुठे गेली, कोणी सांगितलं नाय." अब्बांनी मग बंदरं सांगितली. दुबई, बहरीन, कुवेत. प्रत्येक नावाला दादी मान हलवायच्या, जणू लेकी कुठे कुठे दिल्यात ते ऐकतायत. मी पोफळींकडे बघत राहिले.

येणार! पण अट – "इलेक्शनचं गाणं मला येत नाय. लग्नाचंच म्हणेन."

७ फेब्रुवारी

बुरोंडीला फोन लागला. धाकटी शरीफा स्वतःच बोलली. "येईन. पण भाषण करणार नाय हां! म्हणाल तर एखाद्याला आडवा पाडीन."

१० फेब्रुवारी, गुरुवार

झालं!!!

मोहल्ल्यातल्या पटांगणावर मांडव. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं भिंतीवर. दर्शना माइकवर. सगळं ठरलं होतं, कोण आधी, कोण मग. आणि ही बया घाबरून नुसतंच म्हणते, "आता मी शरीफा होडेकर यांना बोलावते!"

चौघी उठल्या.

पटांगण हसून फुटायचं बाकी राहिलं! आपा मला ढकलतायत, मी दादींना, दादी म्हणतायत मी बसूनच गाते. धाकटी तेवढी टण्णकन उडी मारून वर. तिने खरंच मांडी थोपटली. समोरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, तर म्हणाली, "या वर, कोण येतंय ते!" एकही आला नाही.

मग दादींनी ढोलक मांडीवर ओढला. नवऱ्या मुलीला हळद लावतानाचं गाणं. नवरीच्या जागी आपांचं नाव घातलं, आणि सासरच्या जागी नगरपरिषद! बायका अशा लोटपोट. दुसऱ्या कडव्याला सगळ्या सोबत म्हणायला लागल्या. अम्मी सगळ्यात मोठ्याने. आणि अब्बा मागे उभे, डोक्यावर हात ठेवून, रडत होते की हसत होते कळेना.

मी स्टेजवर नुसती उभी. आपांनी माइक माझ्या हातात खुपसला. "बोल." काय बोलू? म्हटलं, "ही डोळेवाली, ही गाणेवाली, ही कबड्डीवाली. मी कोणी नाही. मी नळावर तुमच्याबरोबर उभी राहते ती." कोणीतरी हसलं. मग सुटलेच मी! पाणी येतं तेव्हा आपण ताटावरून उठून धावतो, हौसाचाची त्या धावण्यात पडली, तिचा हात अजून सरळ होत नाही, आणि वरच्या आळीला टाकी आहे, आपल्याला का नाही? विनोद माझ्या घरी पेढे घेऊन आला होता, तोंड बंद ठेवायला सांगायला. आज उघडलं!

टाळ्या. माझ्यासाठी! हौसाचाचीने वाकडा हात वर करून हाक मारली, "अजून बोल गो!"

खाली उतरले तेव्हा पाय जमिनीवर लागत नव्हते. धाकटीने पाठीवर थाप मारली, ती अजून दुखतेय.

११ फेब्रुवारी

आपांचे वकील म्हणतात, आपल्या बाजूचा एक जादा अर्ज असावा. काही अडलंच तर. सगळं सुरळीत झालं की मागे घ्यायचा. आपा म्हणाल्या, "तुझं नाव त्यांना वापरू दिलं नाहीस. मला देशील?"

घरी महाभारत. अम्मी – "गुहागरचं स्थळ यायचंय! इलेक्शनवाली पोरगी कोण करून घेईल?" अब्बा – "चार दिवसांचा अर्ज आहे." अम्मी – "चार दिवसांत लोक चाळीस वर्षांचं बोलतात!" ताट वाजवून आत गेली. मग परत आली. "काल बोललीस ते कुठून शिकलीस?" म्हटलं, नळावर. "हं," म्हणाली. आणि माझा हिरवा ड्रेस इस्त्रीला काढला.

१४ फेब्रुवारी, सोमवार

भरला! कारकुनाने दोन्ही अर्ज शेजारी ठेवले, एकदा आपांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागवला.

१५ फेब्रुवारी

बाजारात विनोद. "शेवटी उभ्या राहिलातच की, ताई!" म्हटलं, चार दिवसांची पाहुणी आहे, घाबरू नका. दर्शना इतकी हसली की कोळणीने पापलेट खाली ठेवून विचारलं, हिला काय झालं?

१६ फेब्रुवारी, बुधवार

छाननी झाली. आपांचा अर्ज बाद. मतदार यादीतलं नाव इथे आणायला त्यांनी दिलं होतं, पण निवडणुकीची यादी त्याआधीची. त्या अजून संगमेश्वरच्याच मतदार.

माझा मंजूर.

आपा कचेरीच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मागे घ्यायला वेळ आहे. मी काही म्हणणार नाही."

नाही घेणार.

आत्ता भिंती रंगवणारा बाबल्या आला होता. मोहल्लाभर आपांचं नाव लिहून झालंय, सगळं पुसून नव्याने लिहू काय, विचारत होता. अम्मीच दारातून म्हणाली, "कशाला? नुसतं 'डॉ.' पूस."