हलवायाचं बिनसाखरेचं ताक

अण्णा,

काल इथल्या डॉक्टरांनी मला साखर बंद करायला सांगितली. सुनेचा चेहरा पडला, पण मला हसूच आलं. म्हटलं, चला, हलवायाच्या लेकीला बापाचा वारसा मिळाला एकदाचा. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि आता कुठे तो हातात पडला. आज सकाळी मी स्वतः ताक केलं. सून मिक्सर काढत होती, मी तिला माळ्यावरची रवी काढायला लावली. ताजं दही, त्यात माठातलं पाणी, आधी हळूहळू घुसळायचं, लोणी वर आलं की गोळा काढून घ्यायचा. मग ठेचलेलं आलं, भाजून कुटलेलं जिरं, सैंधव, थोडी कोथिंबीर. बस. पहिला घोट घेतला आणि मी थेट अंबडला जाऊन पोचले.

कचेरीच्या रस्त्यावर आपलं दुकान आहे. तारखेला आलेली माणसं पुकारा होईपर्यंत बाकावर बसून लस्सी पितात, वर बोटभर साय, तळाशी साखर. तुम्ही कढईपाशी बसला आहात. पाकाचा थेंब दोन बोटांत धरून तार बघता आणि मग ते बोट जिभेला लावता. जिभेवर तर तुमचा अर्धा धंदा होता. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना, तेव्हा हकीमसाहेब आले आणि म्हणाले, "मीठा बिल्कुल बंद. एक दाना भी नक्को." तुम्ही म्हणालात, "मंग पाक काय कानानं चाखू साहेब?" सगळे हसले, हकीमसाहेबसुद्धा. पण जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जखम अशीच राहिली तर पाय कापावा लागेल. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, मी चौदा वर्षांची, घरात तुम्ही आणि मी. त्या दिवसापासून मला तुमच्या पायाशिवाय दुसरं काही सुचेना.

मग लस्सीच्या वेळेला मी तुमच्यासाठी घरून तांब्याभर ताक आणू लागले. तुम्ही ते मुकाट्यानं प्यायचात. पाक चाखणंसुद्धा सोडलंत, कारागिराला म्हणालात, "तू चाख आन् मला सांग." महिना गेला, जखम होती तशीच. तुम्ही लघवीला जाता तिथे मुंग्या लागतात का ते रोज बघायला हकीमसाहेबांनी मला सांगितलं होतं; लागल्या तर अंगात साखर आहे असं समजायचं. रोज लागायच्या. शेवटी एका बाजाराच्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी तांब्या घेऊन तशीच भर दुकानात शिरले.

"अण्णा, तुम्ही चोरून गोड खाता."

"न्हाई गं. बोटसुदिक लावलं न्हाई."

"मंग मुंग्या काय मला भेटायला येऊन राह्यल्या?"

बाकावर कचेरीतले पेशकार बसले होते. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! कुंपणच शेत खातंय की!" अख्खं दुकान हसलं. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, कमरेची पेढ्याच्या कपाटाची किल्ली सोडून माझ्या हातावर ठेवलीत आणि परत जिलबी सोडायला बसलात. मी ती किल्ली मोठ्या तोऱ्यात पदराला बांधली.

चारच दिवसांनी शेजारच्या मावशी विरजण मागायला आल्या. मी दूध विरजत होते. त्या बघतच राहिल्या. "हे काय टाकून राह्यलीस गं?"

"बत्तासे."

"आन् बापाला साखर बंद हाय म्हनून भर बाजारात वरडलीस ती तूच ना?"

मी हातातले बत्तासे परत डब्यात टाकले. आई दूध विरजताना नेहमी पाच-सहा बत्तासे टाकायची, त्यानं दही घट्ट लागतं आणि आंबत नाही असं म्हणायची. ती गेल्यावर घरात दही दुकानातलंच यायचं; तुमच्या ताकासाठी मी घरी विरजू लागले, तेव्हा तिचं बघितलेलं आठवून मीही टाकू लागले. ती साखर आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, माझ्या लेखी ते विरजणच होतं. त्या रात्रीचं दही मी नुसतं लावलं. ते पातळ लागलं, आंबटही झालं. दुसऱ्या दिवशी त्याचंच ताक घेऊन मान खाली घालून तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही एक घोट घेतलात आणि थांबलात.

"आज बत्तासे न्हाई टाकले."

"तुम्हाला कळत होतं?"

"हलवाई हाय मी."

"मंग बोल्ला का न्हाई? त्या दिवशी सगळ्यांसमोर मी..."

"तुझी आई असंच लावायची दही. दोन वर्सांनी तीच चव आली तोंडात. म्हटलं, एवढी ऱ्हाऊ दे." मग अंगठ्याकडे बघून म्हणालात, "पाय तर माझाच होता."

मी रडायला लागले. तुम्ही उरलेलं ताक संपवलंत आणि म्हणालात, "रडू नको. उद्या आलं जरा कमी टाक."

हळूहळू मला बत्ताशाशिवाय दही जमायला लागलं. दूध बोटाला सोसेल इतकं कोमट हवं, विरजण कालचंच हवं आणि भांडं लागेपर्यंत हलवायचं नाही. मुंग्या कमी झाल्या, दिवाळीपर्यंत जखम भरली. माझ्या लग्नात तुम्ही दोन्ही पायांवर उभं राहून पंगती वाढल्यात. तोवर बाकावरची गिऱ्हाइकंसुद्धा लस्सी सोडून माझं ताक मागायला लागली होती. किती सुखाचे दिवस होते ते, अण्णा.

पण मावशी सोडल्या तर गावाला फक्त बाजारातली गोष्ट माहीत होती. लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी तुम्हाला विचारलं, "काय, आज जिलबी चोरून का उघड?" तुम्ही हसलात. खरं काय ते मी त्यांना सांगायला हवं होतं. नवी नवरी कुठे मधे बोलणार, अशी मी माझी समजूत घातली.

आता ना मी नवी नवरी आहे, ना तुम्ही तिथे आहात. गेल्या महिन्यात अंबडला एका लग्नाला गेले होते. तुमचा तो कारागीर भेटला, आता काठी टेकत चालतो. माझ्या नातवाला जवळ घेऊन त्यानं तीच गोष्ट रंगवून सांगितली, पणजोबा कसे चोरून पेढे खायचे आणि आजीनं त्यांना कसं पकडलं. मांडवातली सगळी हसली. नातवानं माझ्याकडे वळून विचारलं, "खरंच का गं आजी?"

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. मी हो म्हणाले, अण्णा.