आरशातलं लिंबू

भांडुप, शनिवार संध्याकाळ

डिकीला भोकं पाडून मागची विंग एकदाची बसवली. आता माघार नाही. रेसच्या ट्रॅकवर वळण घेताना हवेने गाडीचं बूड खाली दाबून धरायचं, एवढंच तिचं काम. आईने नवीन वस्तू म्हणून लगेच विंगखाली लिंबू-मिरची बांधली. सोडणार होतो, पण ती गॅलरीतून बघत उभी.

तशीच गाडी हायवेवर काढली, शेजारच्या सीटवर मित्र निल्या. ऐंशीच्या स्पीडला आरशात बघतो तर लिंबू पुढे, मागच्या काचेकडे झुकलेलं!

निल्या मागे वळून बघत म्हणाला, "ब्रेक मारलास काय रे?"

"नाही ना यार!"

वाऱ्याने ते मागे उडायला हवं ना? परत बघितलं, परत पुढेच. म्हणजे छपरावरून येणारी हवा विंगला चुकवून वरूनच जाते, आणि खाली उलटी फिरते? मग विंग काय शोभेला लावली? किती उंच केली तर लिंबू मागे वळेल? आणि हे फक्त मधे, की कडेलाही?

घरी येऊन आईकडे विंगच्या कडेपर्यंत बांधायला आणखी चार लिंबू-मिरच्या मागितल्या. ती एकदम खूश.

"बसला ना शेवटी विश्वास?"

मी हो म्हटलं. खोटं तरी कुठे होतं?