विहिणीचं डल्सिमर

४ नोव्हेंबर १९३६
पोचलो एकदाचा. खेचराच्या गाडीने हाडं खिळखिळी केली, पण दारात लोरीना दिसली आणि शीण गेला. बायको गेल्यापासून ही एक पोरच उरली आहे मला. जावई क्लेल कोळशाच्या खाणीवर असतो, शनिवारी येतो. माझी खाट चुलीजवळ टाकली आहे. धुरांड्याचा मला भरवसा वाटत नाही, पण लोरीना म्हणते, बाबा, आल्या आल्या कुरकुर नको. घेवडा, मक्याची भाकरी आणि डुकराच्या मांसाचा बरा तुकडा. पोटभर जेवलो.

५ नोव्हेंबर
क्लेलची आई झिल्फाबाई, म्हणजे माझी विहीण, वारली त्याला दोन वर्षं झाली. तिचं डल्सिमर, मांडीवर आडवं घेऊन छेडायचं ते तंतुवाद्य, भिंतीकडे तोंड करून टांगलेलं आहे. अक्रोडाचं लाकूड, बदामाच्या आकाराची भोकं, आणि तिन्ही तारा सैल पडून गंजलेल्या. किती ही हयगय! लोरीना म्हणते, नीट करून द्या, मला शिकायचं आहे. मी तीनच इयत्ता शिकलो, पण हे काम मला येतं.

८ नोव्हेंबर
काल शनिवार, पण क्लेलला खाणीवर जादा पाळी लागली, आला नाही. डल्सिमरच्या आतून उंदराचं घरटं काढलं. पाठीची चीर सरसाने सांधून दोऱ्याने आवळली. छेडायला टर्कीचं पीस तासलं. सरस वाळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सांधा उकलला तर नाव जाईल.

९ नोव्हेंबर
पहिली नवी तार चढवली. लोरीनाने डल्सिमर मांडीवर आडवं घेतलं आणि एक जुनं गाणं सरळ वाजवलं. कधी शिकलीस, विचारलं. मलाच ठाऊक नाही, म्हणाली.

१० नोव्हेंबर
दुसरी तार. लोरीना डावा पाय ओढत चालते आहे. लचकला का, विचारलं, तर म्हणाली, घोड्यावरून पडले तेव्हापासून तसाच आहे की. लोरीना कधी घोड्यावर बसलेली नाही. पडली होती ती झिल्फाबाई.

११ नोव्हेंबर
तिसरी तार लावली. घर घुमलं. लोरीनाने वाढलं, पहिला घास स्वतःच घेतला आणि म्हणाली, "काय हो व्याहीबुवा, तुमच्या पोरीच्या हाताला चव म्हणून नाही!" लग्नात झिल्फाबाईने चारचौघांत हाच टोमणा मारला होता. मी हसलो. ती हसली नाही.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या ऑर्फाबाई अंडी घेऊन आल्या. डल्सिमर पाहून दारातच थबकल्या. म्हणाल्या, अहो, ही उठाठेव कुणी सांगितली होती तुम्हाला? झिल्फाचा जीव तीन दिवस जात नव्हता. क्लेलने तारा सैल केल्या तेव्हा सुटली. या खोऱ्यात तसंच करतात, तार ताणलेली असली की जीव अडकतो.
मग आता पुन्हा सैल केल्या तर, मी विचारलं.
जीव जाईल, म्हणाल्या. कुणाचा, ते मी कसं सांगू?
अंडी तिथेच टाकून गेल्या.

१३ नोव्हेंबर, सकाळ
लोरीनाला तिच्या आईचं नाव विचारलं. आठवत नाही. मला परक्यासारखी न्याहाळते. क्लेल उद्या येणार — उद्यापर्यंत माझी पोर उरेल का?

दुपार
एक तार सोडली. पाय सरळ पडला. पण तिला धाप लागली.

दुसरी सोडली. "बाबा," म्हणाली. माझी लोरीना! पण ओठ निळे — भिंतीला टेकून बसली आहे —

तिसरी तशीच ठेवणार होतो. पण तारेची खुंटी घसरते आहे. आवळली की मला व्याही म्हणते. ढिली पडली की छाती हलत नाही. अध्येमध्ये कुठेतरी — तिथेच धरून बसलो आहे.

क्लेल, मी मुद्दाम केलं नाही. तू येईपर्यंत धरून ठेवीन. एका हाताने लिहितो आहे. ती माझ्याकडेच बघते आहे — एका हाताने जमत नाही, दोन्ही लागतील, म्हणून पेन्सिल आता खाली