रीताचं जोरहाट किती दूर

अजी रीताचे बाबा,

वावरातून आले की आधी हे वाचा. मी अहेरीच्या बसस्टँडवर हाव. "पोरीचं गाव लई दूर" म्हणून लगनापासून तीन वरसं तुम्ही टाळलं न? मोबाईलवर पाह्यलं, चंद्रपूर विमानतळ ते आसामातलं जोरहाट फक्त अडीच तास! मी तर खुशीत गरम वरणभातच बांधला. मग शेजारची मोनाली हासली. म्हणे, "काकू, तो नुसता हिशेब हाय, चंद्रपुरातून तिकडे विमान जातच नाई." आता बस न रेल्वेनं तीन दिवस! वरणभात झाकून ठेवला, तो खाऊन घ्या. मी भाकरी न जवसाची चटणी घेतली. नातीचं बारसं मी चुकवत नाई.

बस चार वाजता हाय. धुतलेला सदरा खाटेवर हाय. तुमच्या बंडीच्या खिशात बाळाचा चांदीचा करदोडा सापडला, म्हणून तिकिटं दोन काढली.

रीताची माय