विमानाच्या पंखावरचं कुंकू

दूधविनायक, वाराणसी
१४ सप्टेंबर २०२४

चि. विश्वेश यास,
अ. उ. आ.

“तिकीट पाण्यात टाकलंस की अर्धी किंमत पाण्यातच राहते,” असं अप्पा एकदा म्हणाले होते. तू लहान होतास, वाटीत पोस्टाची तिकिटं भिजवत बसला होतास. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून त्यांच्या वाक्यापासूनच पत्र सुरू करते.

पारख करून घ्यायला तू पुण्याला नेलेला अप्पांचा अल्बम काल कुरियरने आला. सगळं जागच्या जागी आहे. फक्त विमानाचं चित्र असलेल्या तिकिटापाशी मी थांबले. अप्पांचा त्याच्यावर जीव का होता, आठवतं ना? इंग्रजांच्या वेळचं, कधीच न वापरलेलं, चित्र बरोबर मधोमध, कडेचा एकही दाता तुटलेला नाही आणि मागे मूळचा डिंक. मग एका दसऱ्याला आईने सरस्वतीबरोबर अल्बमही पुजला आणि तिचं ओल्या कुंकवाचं बोट नेमकं त्या विमानाच्या पंखावर टेकलं. पोस्टाने मारला नाही तो शिक्का हिने मारला, म्हणून अप्पा तिला किती दिवस चिडवत होते.

तो डाग आता नाही. डिंक नव्यासारखा चमकतो. हे आपलंच तिकीट आहे ना रे? दसरा झाला की तू आईला कायमची न्यायला येणार. कुणाच्या हाती तिला देते आहे, हे मला त्याआधी कळायला हवं.

मधुराला आशीर्वाद. विचारलं म्हणून माया आटवू नकोस.

तुझी ताई,
निवेदिता

पुणे
२२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र कसलं, समन्सच! मधुरा म्हणाली, तुमच्या बहिणीने सोबत हवालदार नाही पाठवला हे नशीब.

तिकीट आपलंच आहे. इथला जुन्या तिकिटांचा दुकानदार म्हणाला, डाग असलेल्या तिकिटाला जमवणारे हात लावत नाहीत. म्हणून त्याच्याकडूनच ते धुऊन, मागे डिंक लावून घेतलं. तुला विचारलं असतं तर तू करू दिलं नसतंस. आता दुसरा एक जण सांगतो, मूळ डिंक गेला तिथेच सगळं गेलं, यापेक्षा डाग परवडला असता. माझा मूर्खपणा झाला. पण मूर्खपणा वेगळा आणि तू सुचवतेस ते वेगळं.

आईचं रिझर्व्हेशन झालंय. खोलीत ऊन येतं, इमारतीला लिफ्ट आहे. तिथल्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत, हे तूच म्हणालीस. भेटल्यावर हवं तेवढं रागव, पण मला परका करू नकोस.

तुझा,
विश्वेश

दूधविनायक, वाराणसी
१ ऑक्टोबर २०२४

चि. विश्वेश यास,
अ. उ. आ.

अल्बममधल्या एका साध्या तिकिटाला मी कुंकू लावलं, वाळवलं, धुतलं. गुलाबी झाक काही गेली नाही. तू पाठवलेल्या तिकिटावर अप्पांच्या भिंगातूनही ती दिसत नाही. दुकानदाराकडे चांगलं औषध असेल. किंवा त्याने बदलून दिलं आणि तुला कळलं नाही. किंवा कळलं.

शेवटी ते आईला दाखवलं. मला वाटलं, ती लगेच ओळखेल. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, माझ्या हातून नासलं होतं, माझ्या मुलाने निस्तरलं. मग पदराने डोळे पुसले. अप्पांच्या त्या चेष्टेवर ती आपल्याबरोबर हसायची, पण ते तिला इतकं लागलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून.

तेव्हापासून मी मलाच विचारते आहे, मी तिकिटावरून भांडते आहे की आईवरून? तू तिला नेणार नसतास तर भिंग काढलं असतं का मी? संशय मात्र जात नाही.

तिने लुगडी निवडून ठेवली आहेत. बालाजी घाटावरच्या तिच्या मैत्रिणींचा निरोप मात्र अजून घेतलेला नाही.

असेल नसेल तो लोभ सांभाळ.

ताई

ता. क. रिझर्व्हेशन रद्द कर, विश्वेश. तिला माझ्याकडेच राहू दे. तू नाहीच म्हणशील आणि तुझी कारणंही बरोबर असतील. तरी मागते.