आबांचं खेचर

शुक्रवार, ९ जानेवारी
दुरुस्ती. मंगळवारी लिहिलं की आबांचा पाय सीमेवर शत्रूच्या गोळीने गेला. चूक. सुरुंगाने गेला. सुरुंगही आपल्याच फौजेने पेरलेला.
आज कळलं, तेही गल्लीत. आबा नगरसेवकपदासाठी उभे आहेत म्हणून सकाळी आम्ही आमच्या लिंबायत वस्तीत पत्रकं वाटत होतो. कापडाच्या लूमवर बोटं गमावलेले भिलाकाका म्हणाले, "भाऊ, तुमना पाय देशसाठे गया. मन्हा बोटं शेठसाठे."
आबा म्हणाले, "मन्हा खेचरसाठे गया."
सगळे हसले. मीही. घरी येऊन विचारलं, तर थट्टा नव्हती.
पत्रकावर 'शत्रूशी झुंजताना'. मजकूर माझा.

शनिवार, १०
नीट लिहून ठेवते. वरच्या चौकीवर जेवण खेचरांवर जायचं. तोफेच्या आवाजाने एक बिथरलं, सुरुंगांच्या पट्ट्यात शिरलं. फौजेत खेचराला नंबर असतो. आबा याला मामलेदार म्हणत, कुणाला जुमानायचा नाही म्हणून. वरचे जवान आदल्या दिवसापासून उपाशी. आबा मामलेदाराच्या खुरांच्या ठशांवर पाय ठेवत आत गेले. परत येताना त्याने हिसका दिला, आबांचा पाय ठशाबाहेर पडला.
खेचर वाचलं. रोट्या वर पोचल्या. "गरम नव्हत्या," आबा म्हणाले.
आई म्हणते, "गावात खेचर सांगितलं असतं तर लोक हसले असते. मीच गोळी सांगितली." आबा: "तुझ्या आईला चारचौघांत कोण खोटं पाडणार?"
शाळेआधी मला अक्षरं आबांनीच शिकवली. दिवसभराचं लिहायला लावायचे, वर विचारायचे, "पाहिलं की ऐकलं?" ऐकलेलं खोडायला लावायचे. आणि मी त्यांच्याबद्दलच ऐकलेलं छापून आणलं.

सोमवार, १२
तुंबलेल्या गटारीसाठी आबांबरोबर मनपाच्या कचेरीत. लिफ्ट बंद. जयपूर फूट घालून तीन मजले चढले, कठड्याला हात न लावता. (एकदा लावला. मी पाहिलं.)
साहेब म्हणाले, "खालून निरोप पाठवायचा होता, काका."
"निरोप वर चढत नाही, साहेब."
दुपारी गटार उपसायची गाडी गल्लीत. भिलाकाकांनी गाडीलाच सलाम ठोकला. माझी मान आज जरा जास्तच ताठ होती.

बुधवार, १४. उत्तरायण
गच्चीवर प्रचार सांभाळणारे जयेशभाई. पतंगाला ढील देता देता त्यांना खरं सांगितलं. मांजा हातातच राहिला. "बेन, खच्चर माटे कोण वोट आपे?" खेचरासाठी मत कोण देणार, म्हणे. मागच्या वेळी आबा थोडक्यात पडले, हे त्यांनी दोनदा ऐकवलं. गोळीच राहू दे म्हणतात. चुकीचं आहे असंही नाही त्यांचं, त्यांना आबा निवडून यायला हवेत. मला नकोत का?
आबांना विचारलं, काय करू?
"पत्रक तुन्हं. सभेमा वळख तू करी देशी. माले नुसतं उभं ऱ्हायनं शे." आणि तिळाचा लाडू फोडत बसले.

गुरुवार, १५
उरलेली पत्रकं वाटली नाहीत. आईला सांगितलं. ती म्हणाली, "सांगायचंच तर रडत सांगू नको. तो माणूस रडला नव्हता."
हसतील, ठीक. पण आबा पुन्हा पडले तर ते माझ्यामुळे, आणि ते मला कधी तसं म्हणणार नाहीत, हेच…
तरीही खेचरच सांगणार. चौकातली सभा, रविवार, १८ जानेवारी.